रुसूबाईच्या झऱ्याचा पुरावा

परिपत्रक आलं तेव्हा नकाशेकाका पेन्सिलीला टोक काढत होते. एरवी परिपत्रक आलं की ते आधी टोक पूर्ण करायचे, मग सही करायचे आणि मग वाचायचे. त्या दिवशी मात्र वाचता वाचता टोक मोडलं.

मजकूर चार ओळींचा होता. डोंगरातल्या राखीव रानाच्या नकाशाची नवी आवृत्ती निघणार आहे. ज्या नावांना तिथल्या माणसांच्या वापराचा पुरावा नाही, ती नावं वगळावीत. पुरावा म्हणजे त्या जागेवर ज्यांचं पोट आहे अशा दोघांचा जबाब, जागेवर घेतलेला, सहीनिशी. मुदत महिनाअखेर. खाली एक्केचाळीस संशयित नावांची यादी होती आणि तिच्यात सतराव्या क्रमांकावर आपलं काहीच चुकलं नाही अशा थाटात बसलं होतं : रुसूबाईचा झरा.

ते नाव काकांनीच घातलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नाला वर्ष झालं तेव्हा. बायकोला काय द्यावं हे न सुचून, हातातल्या नकाशावर एका बिननावाच्या झऱ्यापाशी त्यांनी सुबक अक्षरांत तिचं लाडाचं नाव लिहिलं, आणि घरी येऊन म्हणाले, "तुला मी नकाशावर घातलंय." काकूंना तेव्हा साडी, निदान पर्स अपेक्षित होती. पण पुढं त्या नावाचा त्यांना असा काही लळा लागला, की भाजी निवडताना, लिफ्टची वाट बघताना, दाताच्या डॉक्टरकडं तोंड उघडायच्या आधी, त्या समोरच्याला एकदा तरी सांगायच्या, "माझ्या नावाचा झरा आहे बरं का. सरकारी." त्यांच्या थोरल्या बहिणीकडं दोन मजली घर होतं, गाडी होती, परदेशातला मुलगा होता. झरा नव्हता. सव्वीस वर्षं दोघी बहिणींचं पारडं त्या एका झऱ्यानं समतोल ठेवलं होतं.

"ही रुसूबाई कोण हो?" साहेबांनी यादीवर बोट ठेवून विचारलं.

"असेल कुणी तिकडची," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर भिंत होती.

"जबाब मिळाला तर ठेवा, नाहीतर खोडून टाका. खोडायचं तुमच्याकडंच आहे."

म्हणजे फाशीही आपल्याच घरातल्या माणसाची आणि दोरही आपल्याच हातात. काका संध्याकाळी घरी आले ते जिना चढताना प्रत्येक पायरीवर एक वाक्य जुळवत. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत वाक्यं झाली अडुसष्ट, आणि दार उघडल्यावर तोंडातून निघालं ते असं, "अगं, तुला खोडताहेत."

काकूंनी शांतपणे गॅस बंद केला. "एवढ्या वर्षांत एक वस्तू दिलीत," त्या म्हणाल्या, "तीही सरकार परत नेणार?"

"पुरावा हवाय. दोन माणसांचा. तिथं जाऊन."

"मग जाऊ या."

"अगं, ते रान आहे. डोंगर आहे."

"तुम्ही अठ्ठावीस वर्षं तो डोंगर काढताय ना? मग तुम्हाला घरचाच आहे."

इथं काकांच्या आयुष्यातलं एक गुपित सांगायला हवं. त्या डोंगराचा प्रत्येक सुळका, घळ, ओहोळ त्यांच्या बोटांना पाठ होता. डोळे मिटून ते सांगू शकत, की पूर्वेच्या कड्याखाली गवताचा पट्टा कुठं संपतो आणि देवदाराचं रान कुठं सुरू होतं. पण डोंगराला त्यांचा पाय एकदाही लागलेला नव्हता. मोजणीवाले आकडे आणायचे, काका रेषा काढायचे. डोंगराची आणि त्यांची ओळख पत्रमैत्रीसारखी होती, आणि पत्रमित्राला भेटायला जाताना माणूस जसा घाबरतो तसे ते आता घाबरले.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, की डोंगरात नेहमी वाऱ्याकडं पाठ करून चालावं. "आणि वारा समोरून आला तर?" काकांनी विचारलं. "मग उलटं चालावं," पोस्टमास्तर म्हणाले, आणि अशा अनुभवी चेहऱ्यानं म्हणाले, की पुढं विचारायची सोय उरली नाही. शेजारच्या नर्सबाईंनी एक पिशवीभर बँडेज दिलं आणि कुठलं हाड मोडल्यावर कुठं बांधायचं हे काकांच्या अंगावर करून दाखवलं. त्या गेल्या तेव्हा काका दोन्ही हात आणि एक पाय बांधलेल्या अवस्थेत सोफ्यावर होते, आणि मोकळं करायला काकू बाजारातून यायच्या होत्या. थोरल्या ताईंचा फोन आला. "जपून जा गं," त्या म्हणाल्या. "आणि झरा नाही सापडला तर मनाला लावून घेऊ नकोस. नसतं एकेकाच्या नशिबात."

त्या वाक्यानंतर परत फिरणं शक्यच नव्हतं.

राखीव रानात शिरायला परवाना लागायचा. वनखात्याच्या खिडकीमागं एक चष्मेवाला कारकून बसला होता. त्याच्याकडं अर्जाचा असा गठ्ठा होता, की तो लपेल आणि आवाज तेवढा येईल.

"वापराचा प्रकार?" आवाज आला.

"बघायचंय नुसतं."

"बघणं बंद आहे. बघण्याचे नियम बदलायचे चाललेत. चराई, मध, औषधी वनस्पती, पडलेलं लाकूड. यातलं सांगा."

"मी नकाशा कार्यालयातला आहे."

"मग साहेबांचं पत्र आणा."

साहेबांना पत्र मागायचं, तर रुसूबाई कोण हे सांगायला लागलं असतं. काका खिडकीपाशीच घुटमळले.

"मध काढता येतो?" कारकुनानं कीव येऊन विचारलं.

"चहात घेतो कधीकधी."

"वनस्पती ओळखता?"

"कोथिंबीर," काका म्हणाले. मागून काकू म्हणाल्या, "तीही नाही. पालक आणतात."

"मग चराई," कारकुनानं शिक्का उचलला. "किमान एक जनावर लागेल. लस टोचल्याच्या दाखल्यासकट."

अशा रीतीनं, ज्या माणसानं आयुष्यात कुत्रंसुद्धा पाळलं नव्हतं, तो तीन दिवसांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची शेळी घेऊन जनावरांच्या दवाखान्यात रांगेत उभा राहिला. शेळी पांढरी, गुबगुबीत आणि मानी होती. इस्त्रीवाला तिला मॅडम म्हणायचा. जन्मापासून ती गरम कपड्यांच्या ढिगाशेजारी वाढलेली, खाणं बिस्किटांचं. डॉक्टरांनी सुई काढली तेव्हा मॅडमनं काकांकडं असं पाहिलं, की काकांनी नकळत माफी मागितली.

शेवटी बस, मग दुसरी बस, मग एक दूधवाली गाडी, आणि एका स्वच्छ सकाळी काका, काकू आणि मॅडम रानाच्या फाटकाशी उतरले.

डोंगर समोर होता. काका बघतच राहिले. कागदावर ज्याला त्यांनी तपकिरी रंग दिला होता, तो जांभळा होता, निळा होता, उन्हाच्या बाजूला मधासारखा होता. ज्या ओहोळाला त्यांनी एक निळी रेघ दिली होती, तो हसत, अडखळत, दगडांशी गप्पा मारत खाली येत होता. रेघेला आवाज नसतो. वाऱ्यानं गवताचा सगळा उतार एका बाजूला झुकायचा आणि परत उभा राहायचा, जसं एखाद्या मोठ्या जनावरानं झोपेत श्वास घ्यावा.

"तुम्ही याला मेहंदीसारखा रंगवलात होय?" काकू म्हणाल्या. पण त्यांचा आवाज मऊ होता.

काकांनी नकाशा उघडला. "इथून झऱ्यापर्यंत अर्धा तास. चढ फार नाही. हे बघ, रेषा किती लांब लांब आहेत. रेषा जवळ आल्या की चढ उभा, लांब असल्या की निवांत."

अर्ध्या तासानं ते एका कड्याच्या पायथ्याशी होते. तासाभरानं त्याच कड्याच्या थोडं वर होते. वाट माकडाच्या मर्जीनं आखल्यासारखी होती. मॅडम पुढं, आपण याच्यासाठीच जन्मलो हे तिला आजच कळल्यासारखी टणाटण उड्या मारत. मागं काकू, एका हातात पर्स. त्यांच्या मागं काका, पोस्टमास्तरांचा सल्ला आठवत, कारण वारा समोरूनच येत होता.

दोन तासांनी काकू एका दगडावर बसल्या. "नकाशा दाखवा."

काकांनी दाखवला. काकूंना नकाशा वाचता यायचा. नवरा अठ्ठावीस वर्षं जेवताना दुसरं काही बोलला नसेल तर येतोच.

"एका रेषेला किती?"

"वीस मीटर."

"आपण त्या खालच्या पाण्यापासून इथवर आलो. इथं रेषा आहेत चार. आपण चढलो किती?"

काकांनी खाली पाहिलं. फाटक काडेपेटीएवढं दिसत होतं. त्यांच्या आतला आरेखक जागा झाला, त्यानं डोळ्यानं माप घेतलं, आणि तो आतल्या आत मटकन बसला. "थोड्या राहिल्या असतील काढायच्या," ते म्हणाले.

"थोड्या म्हणजे?"

"चौदा."

काकूंनी मनात हिशेब केला. चौदा गुणिले वीस. "आपल्या जिन्याच्या मापानं हे नव्वद मजले होतात," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाचा झरा, आणि त्याच्याच दारातले नव्वद मजले तुम्ही खाऊन टाकलेत? इतरांचे डोंगर नीट काढलेत का? की सगळ्यांनाच असं फसवलंय?"

"इतरांचे नीट आहेत," काका प्रामाणिकपणे म्हणाले. हे उत्तर चुकलं हे त्यांना लगेच कळलं.

काकू उठल्या आणि चढू लागल्या. त्यानंतर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचा अबोला काकांना नवा नव्हता. पण तो घरातला, चार खोल्यांतला असायचा. इथं तो मोकळ्या आभाळाखाली होता आणि जिकडं बघावं तिकडं होता.

त्यातच मॅडम नाहीशी झाली. एका खिंडीपाशी ती क्षणभर थांबली, कान टवकारले आणि पलीकडं उतरली. काका धावले. परवान्यावर एक जनावर लिहिलेलं, परत जाताना शून्य कसं दाखवणार? खिंड ओलांडून बघतात तो काय, पलीकडं हिरवंगार कुरण, कुरणात शंभरेक शेळ्या आणि त्यातल्या सगळ्या पांढऱ्या. मधोमध काठीला टेकून एक म्हातारी उभी होती, आणि तिच्याजवळ धुरकट कपड्यांतला एक मधवाला पोळ्यांची पाटी उतरवून बसला होता.

"आजी," काका धापा टाकत म्हणाले, "आमची एक शेळी तुमच्यात आली."

"घे की ओळखून," आजी म्हणाली.

काकांनी शंभर शेळ्यांकडं पाहिलं. शंभर शेळ्यांनी काकांकडं पाहिलं. तेवढ्यात काकूंनी न बोलता पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि नुसता वाजवला. नव्व्याण्णव शेळ्या चरत राहिल्या, एक धावत आली.

आजीला हे इतकं आवडलं, की ती खाली बसून हसली. "ही तुझी बायको? हुशार आहे. मग तू कशाला आलास?"

काकांनी कागद काढले, गळा साफ केला आणि कार्यालयीन आवाजात विचारलं, की इथं जवळ एक झरा आहे, तुम्ही लोक त्याला काय म्हणता? काकू पलीकडं तोंड करून उभ्या होत्या, पण त्यांची पाठ ऐकत होती.

"कुठला, तो?" मधवाल्यानं कुरणाच्या टोकाच्या काळ्या खडकाकडं हनुवटी केली. "रुसूबाईचा."

काकांना वाटलं, डोंगर उचलून बायकोच्या हातात द्यावा. "का म्हणता तसं? खाली फाटकाशी वनखात्याची नावांची पाटी आहे म्हणून?"

"पाटी मला कुठं वाचता येते," आजी म्हणाली. "रुसते म्हणून. घटका दोन घटका वाहते, मग एकदम बंद. जनावरं तहानेली उभी राहतात. मग विनवावं लागतं, तेव्हा परत येते."

"जबाब द्याल असा? सही करून?"

"अंगठा देईन. पण आत्ता बघ, रुसलेलीच आहे. ती वाहिल्याशिवाय कशावर अंगठा देऊ? उद्या कुणी म्हणेल, म्हातारीनं कोरड्या दगडाची साक्ष दिली."

सगळे खडकापाशी गेले. खडकाच्या पोटात एक भेग होती, तिच्याखाली पाण्यानं घासून गुळगुळीत झालेली दगडी परात. थेंब नव्हता. काकांना यामागचं कारण माहीत होतं. खडकाच्या आत पोकळी असते, ती भरली की वाहते, रिकामी झाली की थांबते. ते तसं सांगूही लागले. आजीनं काठीनं त्यांना थांबवलं आणि पदर कमरेला खोचून, दळताना गातात तशा लयीत गायला लागली :

*रुसली रुसूबाई, बसली कड्याआड*
*पाण्यावाचून तिच्या, सुकलं माझं झाड*

*ये गं ये गं बाई, सोड आता राग*
*तुझ्याविना डोंगराला, येईना गं जाग*

भेग कोरडीच राहिली. मधवाला काकांकडं वळला. "आज बाप्यानं म्हणायला पाहिजे. कधीकधी ती बाप्याचंच ऐकते. मी सकाळपासून दोनदा म्हटलं, माझं नाही ऐकत. तुम्ही म्हणा."

"मी?" काका म्हणाले. "मी वर्ग तीनचा कर्मचारी आहे."

"मग तर ऐकेलच," आजी म्हणाली.

काकांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, एकही ताशेरा नाही, टेबलावर पेन्सिली लांबीनुसार लावलेल्या. शेळ्या गोल करून उभ्या होत्या. काकू पाठमोऱ्या. मुदतीला चार दिवस उरलेले. काकांनी टोपी काढली, खडकासमोर उभे राहिले, आणि ज्या गळ्यातून आजवर फक्त फायलींचे क्रमांक निघाले होते, त्यातून एक भेसूर पण मनापासूनचा सूर निघाला :

*घरी तू रुसली, इथं चुकली रेघ*
*चढता चढता आले, डोळ्यांमध्ये मेघ*

काकूंची पाठ किंचित हलली.

"म्हणजे?" त्या खडकाकडं बघत म्हणाल्या. किती तासांनी पहिला शब्द.

काका गाणं सोडून बोलायला लागले, आणि तेही खडकाकडंच बघत. "त्या दिवशी सकाळी तू रुसली होतीस. मी डबा विसरलो म्हणून की काय, आता आठवत नाही. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. पावणेसहा वाजले, हा कडा अर्धा राहिला होता. म्हटलं, उद्या काढू. तू दार लावून बसली असशील असं वाटत होतं. मी धावत बस पकडली. दुसऱ्या दिवशी तो कागद छपाईला गेला होता."

काकूंनी पुड्यातलं एक बिस्किट मॅडमला दिलं.

"मी दार लावून वगैरे नव्हते बसले," काकू म्हणाल्या. "तुम्ही आलात तेव्हा मी झोपले होते. राग दुपारीच गेला होता."

"मग मला तेव्हा का नाही सांगितलंस? चौदा रेषा वाचल्या असत्या."

"तुम्ही विचारायचं होतंत." काकू वळल्या. "पुढचं म्हणा. आजी थांबल्यात."

काकांनी डोळे मिटले आणि हात जोडून म्हटलं :

*डोंगर काढला मी, खुर्चीत बसून*
*एकदा तरी बघ, मागं वळून हसून*

'हसून'वर आवाज असा फाटला, की मॅडमनं बिस्किट टाकलं. काकूंना आवरेना. त्या आधी ओठ दाबून, मग पर्स तोंडावर धरून, मग सगळं सोडून देऊन हसल्या. वयानं, वजनानं, चढानं दमलेली बाई गवतात बसून पोट धरून हसली, आणि आजी हसली, मधवाला हसला, आणि खडकाच्या पोटात काहीतरी गुडगुडलं. भेगेतून एक थेंब आला. मग दुसरा. मग चांदीची दोरी सुटावी तसं पाणी परातीत पडायला लागलं, आणि शंभर शेळ्या एकमेकींना ढकलत पुढं आल्या.

पोकळी भरायची वेळ झाली होती, हे काकांना माहीत होतं. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही.

जबाब तिथंच, दगडावर कागद ठेवून लिहिला गेला. मधवाल्यानं सही केली. आजीच्या अंगठ्याला शाई लावली. एक रकाना राहिला होता : नावाची उत्पत्ती.

"रुसूबाई कोण होती, आजी?" काकांनी विचारलं, आणि बायकोकडं एक डोळा ठेवला. हीच वेळ होती. इतक्या वर्षांची लिफ्ट, भाजीवाली, दाताचा डॉक्टर, सगळ्याचं सार्थक होणार होतं.

"होती एक," आजी म्हणाली. "खालून आलेली. नवऱ्यानं काही कबूल केलं आणि विसरला. ही रुसून डोंगरात शिरली. तो शोधत आला, विनवत आला. ती या खडकात बसली ती सात दिवस बोलली नाही. आठव्या दिवशी रडली, तेच हे पाणी. माझ्या आजेसासूनं पाहिलंय तिला."

काकांची लेखणी थांबली. आजेसासू म्हणजे किमान शंभर वर्षं. आणि नाव तर त्यांनी स्वतःच्या हातानं, काळ्या शाईनं, सव्वीस वर्षांपूर्वी. त्यांच्यातला आरेखक कळवळला. "आजी, पण तसं पाहिलं तर—"

"लिहा ना," काकू म्हणाल्या. "आजेसासूनं पाहिलंय म्हणतात ना त्या? तुम्ही काय त्यांच्या सासरपेक्षा जास्त जाणता?"

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या सांगतील म्हणून त्यांनी वाट पाहिली. काकूंनी परातीतलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडावर मारलं आणि ओल्या तोंडानं त्या दुसरीकडंच बघत राहिल्या. काकांनी आजेसासूसकट सगळं लिहून घेतलं. पुढं साहेबांनी तो जबाब दोनदा वाचला, 'फारच जुनं नाव दिसतंय' असं म्हणून सही केली आणि सतरावा क्रमांक यादीतून सुटला.

निघताना आजीनं काकूंच्या दंडाला हात लावला. "तूही रुसतेस चांगली. पण कच्ची आहेस. दोन ओव्यांत हसलीस. आमची रुसूबाई सात दिवस बोलली नव्हती."

"सात?" काकू म्हणाल्या.

उतरताना ऊन कलंडलं होतं. मॅडम पुढं होती, खाली ओहोळ बडबडत होता, आणि गाळलेल्या चौदाही रेषा काका पायांनी एकेक मोजत होते. न राहवून त्यांनी विचारलं, "सांगितलं का नाहीस, की ती तूच म्हणून?"

काकूंनी पर्स खांद्याला लावली. "मी घरात बसून सांगत होते तेव्हा ठीक होतं. इथं त्यांचं पाणी आहे, त्यांच्या शेळ्या आहेत. त्यांची ती सात दिवस रुसलेली, आणि मी दुपारीच झोपून गेलेली. कशाला उगीच त्यांचा हिरमोड करायचा?" मग थोडं पुढं जाऊन त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थोरल्या बहिणीचा फोन आल्यावर येतो तसा भाव होता. "पण कच्ची म्हणजे काय? मनात आणलं तर मीही राहू शकते सात दिवस. बघाच तुम्ही. आत्तापासून एक शब्द बोलणार नाही."

आणि पहिल्या वळणापर्यंत त्यांनी ते पाळलं.